पाण्यातला ण

साहेबांनी कॉम्प्युटरवर माझा आवाज लावला. खोलीत बारा जण होते.

"पान्याच्या मोटरीसाठी एक दाबा." स्पीकरमधून मीच बोलत होते. साहेबांनी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. पान्याच्या. पुन्हा. पान्याच्या.

मग ते हसले आणि बाकीच्यांना इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे ठरावीक लोक असं बोलतात. ऐकलं की कळतं, कुठल्या वस्तीतून आलेत."

बाकीचे सगळे तमिळ. त्यांना त्यातली मेख कळली नसावी. साहेब हसले म्हणून ते हसले.

साहेब पुण्याचे. माझ्याशी मराठीत बोलले. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. पंपाच्या कंपनीत निदान पाणी तरी शुद्ध हवं."

मी मान हलवली. हो, मान हलवली मी.

मी नागपूरची. आई म्युन्सिपालटीत झाडू मारायची. लग्न होऊन इकडे तमिळ मुलखात, आवडी गावाला आले, नवरा तिथल्या डिफेन्सच्या कारखान्यात. कंपनीच्या गिंडीतल्या ऑफिसात मी अकरा वर्षं टेलिफोन बोर्डावर होते. महाराष्ट्रातल्या सगळ्या डीलरांचे फोन माझ्याकडे. "हॅलो" म्हटल्याबरोबर ओळखायचे मी, लातूर की सांगली. मोटर कसा आवाज करते ते विचारायचे आणि फोन नेमक्या माणसाला जोडून द्यायचे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. कंपनी म्हणाली, आता फोन मशीन उचलेल. बेंगळुरूहून एक सल्लागार आला. चांगला मुलगा होता. तीन आठवडे माझ्या शेजारी बसून विचारायचा, मी सांगायचे. कोण कशासाठी फोन करतं, कोण चिडतं, कोणाला खरं काय हवं असतं. तो चौकटी काढायचा, बाण जोडायचा. माझी अकरा वर्षं एका मोठ्या कागदावर आली. मला अभिमान वाटला. काय मूर्ख होते मी!

तळाशी त्याने एक चौकट ठेवली होती. शून्य दाबा, बाईंशी बोला. साहेबांनी तिच्यावर काट मारली. म्हणाले, "माणूस ठेवला की लोक माणसालाच मागतात."

मशीनसाठी माझा आवाज घेऊन पाहिला, तो त्या खोलीत बाद झाला. मग साहेबांच्या भाचीचा घेतला. नुंगमबाक्कमच्या स्टुडिओत मला तिच्या शेजारी बसवलं. तिचा ण स्वच्छ होता. फुटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, हे मात्र माहीत नव्हतं. ती कुठे थांबली, कुठे चुकली, ते मी सांगत होते. दिवसभर. काचेपलीकडून साहेब अंगठा दाखवत होते, तिला.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना वं. नोकरी तं हाये ना."

होती. बोर्ड काढून नेला आणि मला कानाला लावायला हेडफोन दिला. मशीनवर आलेले फोन रेकॉर्ड व्हायचे. ते ऐकायचे आणि लोक कुठल्या जागी फोन ठेवून देतात ते लिहायचं. एवढंच काम. ऐकायचं. बोलायचं नाही.

एका सकाळी एका बाईचा आवाज लागला. जालन्याकडच्या सरकारी दवाखान्यातली नर्स.

"अहो ताई, तुम्ही आहात ना? मोटर बंद पडली. तीन बाळंतिणी आहेत इथं, थेंब नाही पाण्याचा."

मशीनमधली भाची म्हणाली, "कृपया योग्य आकडा दाबा."

"ताई, मी बोलतेय, मागच्या वर्षी बोललो होतो आपण…"

"कृपया योग्य आकडा दाबा."

तिसऱ्यांदा ती नुसती रडली. मग फोन कट.

रेकॉर्डिंग चार दिवसांपूर्वीचं होतं. मी त्या नंबरावर फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिथे काय झालं, मला आजही माहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सेल्वीने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "पोदुम, अक्का," म्हणाली. पुरे झालं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. "दवाखान्यांसाठी एक पर्याय वाढवू."

महिनाभरात डीलर ओरडू लागले. बाई कुठे आहेत? वरून हुकूम आला, मशीन नीट बसेपर्यंत शून्यावर माणूस ठेवा. साहेबांनी मला त्याच खोलीत बोलावलं. तेच लोक.

"बसवतो तुम्हाला पुन्हा. पण आधी उच्चार. म्हणा, पाणी."

"पानी."

"टाळूला जीभ लावा. पाणी."

मला ण येतो. चौथीत गुरुजींनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारून शिकवला होता. आई शाळेबाहेर झाडत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी ओरडले नव्हते. येतो मला. इतकी वर्षं मी तो साहेबलोकांसमोर जपून वापरत आले. रेकॉर्डिंगच्या दिवशी नर्व्हस होते, आईची भाषा तोंडात आली. आणि त्यांनी आईलाच बाराजणांसमोर उभं करून हसून घेतलं.

हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. इतक्या उशिरा.

"म्हणा, बाई."

"पानी," मी म्हणाले. "माझी माय असंच म्हणते. हे ऐकूनच लोक मला शोधतात."

कोणी हसलं नाही. साहेबांनी वही मिटली.

आठवड्याभरात गुम्मिडिपूंडीच्या गोडाऊनला बदली. आवडीहून दोन गाड्या बदलून जावं लागतं. खोकी मोजते. तिथे फोन नाही.

परवा सल्लागार आला होता. चार्ट दुरुस्त करायचाय, दोन दिवस द्या, म्हणाला. मी विचारलं, "पहिल्या कागदावर माझं नाव आहे?" "नाही," तो म्हणाला.

त्या नर्सचा आवाज तेव्हाही कानात होता. चार्ट सुधारला तर तिच्यासारखीचा फोन लागेल हे कळत होतं, तरीही मी नाही म्हणाले. राजीनामा मी देणार नाही, त्यांनी काढावं. आणि मला जे माहीत आहे ते फोन करणाऱ्या माणसाला सांगेन, रस्त्यात भेटला तरी सांगेन. यांच्या चौकटीत आता एक शब्द घालणार नाही.