शिट्टीनंतरचा सा

आमच्या लेकीची शाळेत दातखीळ बसायची. घरी बडबडून डोकं उठवणारी पोरगी, इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या त्या शाळेच्या फाटकातून आत शिरली की गप्प. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. अशी दोन वर्षं गेली. शेवटी तिच्या वर्गाच्या मिसने आम्हाला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, की घरी मराठी बंद करून बघा, फक्त इंग्लिश बोला. ह्यांना, म्हणजे आमच्या डॉक्टरसाहेबांना, ते पटलंसुद्धा. मला असा संताप आला, की घरी पोचेपर्यंत मी कुठल्याच भाषेत बोलले नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ईस्टरच्या आधी टीव्हीवर एक कार्यक्रम झाला. युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा असते, तिला इथून कुठलं गाणं पाठवायचं ते लोकांनी घरबसल्या फोन करून ठरवायचं. मला नवलच वाटलं. देशाच्या वतीने पाठवायचं म्हणजे माझ्या डोक्यात फौज, क्रिकेटची टीम, फार तर राजदूत. आणि हे लोक पाठवणार तीन मिनिटांचं पॉप गाणं, तेही आमच्या शेजारच्या म्हातारीला विचारून! तिने फोन केलाही. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून मला सांगत होती, जणू नातू पास झाला.

मग ते गाणं जिकडेतिकडे. सकाळी दूधवाला शिट्टीवर तेच वाजवायचा. ह्यांच्या वॉर्डातले पोर्टर ट्रॉली ढकलताना तेच म्हणायचे. वेम्बलीला भाजी आणायला गेलो तर ईलिंग रोडवरचा गुजराती दुकानदार भेंडी तोलता तोलता तेच गुणगुणत होता. मी नाक मुरडलं. पुण्यात दहा वर्षं बाईंसमोर बसून गाणं शिकलेली मी, मला कसलं कौतुक असल्या उड्या मारण्याचं?

एक दिवस लेक शाळेतून आली ती चिठ्ठी घेऊन. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये मुलं ते गाणं म्हणणार होती. आणि शेवटचं धृपद एकटीने म्हणायचं आमच्या लेकीने. कोट चढवताना ती गुणगुणत होती ते मिसने ऐकलं होतं म्हणे. मिसने खाली लिहिलं होतं, की ही एकदा सगळ्यांसमोर बोलली तर पुढचं सोपं होईल; नाही जमलं तर बळजबरी करायची नाही.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. इथे जर पोरगी गप्प बसली, तर ती कायमची गप्प बसेल असं मला वाटलं. आणि पहिल्यांदा मिसचा राग गेला. म्हटलं, बाई गं, इतकं तरी ओळखलंस.

आता गाणं शिकवायचं तर ते हवं. टीव्हीवर परत लागलं तेव्हा ह्यांनी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या तोंडाशी धरला. मी स्वयंपाकघरात होते. टेपवर सगळं आलं होतं: गाणं, ह्यांचा खोकला, आणि नेमकी शेवटच्या धृपदाच्या आधी आमच्या कुकरची खणखणीत शिट्टी. शिट्टी संपली की गाणं पुढे सुरू व्हायचं, पण चढलेलं. आधी सा होता पेटीच्या पांढरी एकमध्ये, शिट्टीनंतर तो पांढरी दोनमध्ये.

"अहो, तुमची टेप पळतेय," मी म्हटलं.

ह्यांनी टेपरेकॉर्डर उघडला, कापसाने पुसला, परत लावला. तरी तेच. माझं ठाम मत झालं, की मशीन बिघडलंय. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच येईना. आमच्या बाई म्हणायच्या, सा म्हणजे जमीन. सूर फिरतील, जमीन हलत नाही. एकदा तानपुरा लागला की मैफल संपेपर्यंत तोच सा. गाताना मध्येच कोणी जमीन बदलतं का?

मग मी पेटी काढली, पांढरी एकमध्ये सा आणि प धरून ठेवला, आणि रोज संध्याकाळी पोरीला बसवली. बाईंची पद्धत होती, शब्दांनी सुधारायचं नाही. सूर वर हवा असेल तर तळहात वर, खाली हवा असेल तर खाली. तसाच माझा हात चालायचा. गोड गळा तिचा! शेवटचं धृपदही मी तिच्याकडून पांढरी एकमध्येच घोटून घेतलं.

तिने एकदा हळूच सांगितलं, "आई, तिथे मिस वर जातो."

"वर जाते म्हणावं. आणि जाऊ दे मिसला. तू आपला सा सोडायचा नाहीस, कळलं?"

"कळला," ती म्हणाली. शाळेतल्या तालमींना ती नुसते ओठ हलवत होती, हे मला नंतर समजलं.

शुक्रवारी हॉलमध्ये आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. हे खास सुट्टी काढून आले होते. चाळीसेक मुलं उभी, लेक पुढच्या रांगेत टोकाला, पांढरीफटक. मिसने पियानोवर सुरुवात केली. पांढरी एक. मी ह्यांना कोपराने ढोसलं: बघा, बरोबर आहे की नाही. मुलं मजेत गात होती. मग शेवटच्या धृपदाच्या जरासं आधी, जिथे आमच्या टेपवर कुकर वाजायचा, तिथे मिसचे हात पियानोवर सरकले आणि सगळं गाणं उचललं गेलं. मुलं "आ" म्हणत पियानोबरोबर वर चढली. एकही पोर अडखळलं नाही. जमीनच उचलली हो त्यांनी, आणि वरचं काहीच सांडलं नाही!

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं गाण्यात घालवली, पण सा असा हलताना मी कधी ऐकला नव्हता. घराचं छप्पर काढून आत आभाळ सोडावं तसं वाटलं. क्षणभर मी सगळं विसरून नुसती थक्क होऊन ऐकत राहिले. आणि मग लक्षात आलं. टेप ठीक होती. मशीन ठीक होतं. बिघडले होते ती मी, आणि माझी पोर आता माझ्या शब्दाला जागून खालच्या सा वर उभी होती.

मुलं थांबली. पियानो एकटाच वाजत होता. लेकीने तोंड उघडलं, पायाखाली सा नाही हे तिला कळलं, आणि तिने तोंड मिटलं. मिसने न थांबता तेवढाच तुकडा परत वाजवला. हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. लेक मिसकडे बघत नव्हती, मुलांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी तळहात उचलला. आधी छातीपर्यंत, मग आणखी थोडा वर. लोक मागून बघत असतील तर बघोत. तिने मान किंचित वाकडी करून डोळ्यांनी विचारलं: खरंच? मी हात तसाच वर धरून मान हलवली. हो बाळा. सोड. जा वर.

आणि ती गेली. कुठलाही आधार न घेता, एका दमात, पांढरी दोनच्या सा वर अशी येऊन बसली की मिसची बोटं अर्धा क्षण थबकली. अख्खं धृपद तिने स्वच्छ, मोठ्याने म्हटलं. दोन वर्षं जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता तो आवाज त्या हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझा हात वरच राहिला होता, तो ह्यांनी धरून खाली घेतला.

नंतर मिस आली. "घरी हिला कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं, "चुकीचं."

मिस हसली. तिला वाटलं, मी विनय करतेय. मराठी बंद करायची गोष्ट तिने परत काढली नाही, आणि काढली असती तरी आमची लेक त्यानंतर दोन्ही भाषांत इतकी बोलायला लागली, की बंद करायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं. घरी येताना तिने मला विचारलं, "आई, मी तुझा सा सोडला. तू रागावला?" मी तिला रस्त्यातच जवळ ओढली.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर आम्ही तिघंच. एकेक देश येत होता. "आता आपलं गाणं!" लेक ओरडली. काल-परवापर्यंत मी त्याला "ह्या लोकांचं गाणं" म्हणत होते, हे मला तेव्हा जाणवलं. पहिला नंबर शेवटी दुसऱ्याच कुठल्या देशाचा आला, पण ते पुढचं.

गाणं सुरू झालं तशी मीही म्हणायला लागले. आधी गुणगुणत, मग मोकळ्या गळ्याने. इंग्लंडात आल्यापासून मी अशी गायलेच नव्हते. शेवटचं धृपद जवळ आलं आणि मला धाकधूक वाटायला लागली. दहा वर्षं जो सा धरून बसले तो आता सुटेल का माझ्याने?

लेक पुढे गालिच्यावर बसली होती, डोळे टीव्हीवर. मागे वळूनही न बघता तिने आपला छोटा तळहात माझ्यासाठी वर उचलला.