पगारे सरांना मी सांगितलेली खोटी गोष्ट

पगारे सरांची आणि माझी ओळख त्यांच्या बंद पडलेल्या मोबाईलमुळे झाली. नाशिकरोडला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी सर आले, काउंटरवर मोबाईल ठेवला आणि म्हणाले, "यात शंभरेक माणसं अडकलीत. बाहेर काढ."

मी म्हटलं, "आत हवा तरी आहे का त्यांना?"

सर जोरात हसले. आतून निघाली रेकॉर्डिंगं. गावोगावच्या लोकांनी सांगितलेल्या फकिरांच्या, सूफी संतांच्या गोष्टी. एक पण गेली नव्हती. सर तिथंच स्टुलावर बसून ऐकत राहिले आणि मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

सर काही मास्तर नव्हते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी नोकरी केली. शेजारच्या खुर्चीवर इस्माईलभाई असायचे, ते शिफ्ट संपता संपता रोज एक गोष्ट सांगायचे. सरांनी त्या डायरीत उतरवल्या, त्याचं पुस्तक झालं, मग एकामागून एक सात झाली. आपल्याकडं सूफी म्हटलं की लोकांना कव्वाली आठवायची, पुढं काही नाही. देवाशी भांडणारी आणि स्वतःवरच हसणारी ही माणसं मराठी घरांत नेली ती सरांनी. आता शाळेतल्या बाई, कीर्तनकार, आमच्या गल्लीतल्या मावश्या, सगळ्यांकडं सरांची एखादी तरी गोष्ट असते. मी बारावीला दोनदा थांबलेला माणूस, पण ही सात पुस्तकं मी वाचलीत.

सरांच्या हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती आहे. एकदा एका पाहुण्यानं माझ्यासमोर विचारलं, "तुम्ही बौद्ध, मग हे पीर-फकीर कुठून काढले?" सर म्हणाले, "अहो, माझ्या शेजारी वीस वर्षं इस्माईलभाई बसले. ते गप्प बसले असते तर मी पण गप्प बसलो असतो."

सरांचा एक नियम सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट उतरवायच्या आधी सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं. पुस्तकात गोष्टीखाली ते नाव छापायचं आणि पुस्तक त्याच्या घरी नेऊन द्यायचं. प्रत्येक भाषणात ते म्हणायचे, "यातली एकही गोष्ट माझ्या पदरची नाही."

आता माझं सांगतो.

एका दुपारी सरांनी दुकानात विचारलं, "तुझ्या घरी कुणी फकिराची गोष्ट सांगतं का रे?" मला मस्करीची लहर आली. माझं आजोळ देवळ्याकडं, तिथं मामांची कांदा साठवायची चाळ आहे. म्हटलं, "आजी सांगते. एक बाबा होते. एक शेतकरी त्यांना म्हणाला, मला देव दाखवा. बाबा म्हणाले, आधी चाळीतले सडके कांदे निवडून काढ. त्यानं तीन दिवस सगळी चाळ उपसली, तरी वास जाईना. बाबांकडं आला, म्हणाला, अजून वास येतोय, कांदा कुठंय? बाबा म्हणाले, जरा स्वतःचे हात हुंग."

 सरांनी डायरी उघडली. "आजींचं नाव?"

मी सांगितलं, "सखूबाई, देवळा."

मला वाटलं, सर हसतील आणि विषय संपेल. तर ती गोष्ट सातव्या पुस्तकात आली आणि सगळ्यात जास्त तीच चालली. आजीला द्यायचं पुस्तक मी पोचवतो म्हणून घेतलं, ते दुकानाच्या ड्रॉवरमध्येच राहिलं. व्याख्यानात लोक तीच सांगा म्हणायचे. ऐकताना रडायचे पण. मी मागच्या रांगेत बसून बघायचो. आधी मजा यायची, नंतर काय होतंय तेच कळेनासं झालं. एक दिवस मामांचा फोन आला. "काय रे, इथं कोण बाबा होता? सिन्नरहून माणसं आलीत, माझ्या चाळीला हिरवी चादर बांधून हात जोडतायत!"

तरी मी गप्पच होतो. मग सरांना पंच्याहत्तर लागणार म्हणून सत्कार समितीची बैठक झाली. सरांनी एकच हट्ट धरला, "माझा सत्कार नंतर. आधी स्टेजवर सखूबाईंना लुगडं-चोळी द्यायची." मी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "कुठला बाबा? मला काय म्हाईत नाय. अन् लोकांपुढं मी खोटं बोलू व्हय?"

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "पूर्ण रचलीस?"

"पूर्ण."

"हात हुंगायचं पण?"

"ते पण. त्या दिवशी मी कांदाभजी खाल्ली होती, हाताला वास येत होता."

स्वयंपाकघरात काकू खो-खो हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "मी गावोगाव शपथेवर सांगत फिरलो, सागरराव."

एरवी ते मला सागऱ्या म्हणतात. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सलग आठ दिवस डबा घेऊन आले आणि अख्ख्या वॉर्डाला गोष्टी सांगून गेले, तेव्हा पण मी सागऱ्याच होतो. त्या 'राव'नं माझं पाणी पाणी झालं.

समितीतले लोक म्हणाले, "सर, गोष्ट चांगली आहे, कुणाला कळणार?" सर म्हणाले, "मला कळलंय. गोष्ट राहील. आजींचं नाव निघेल आणि ज्यानं रचली त्याचं लागेल. आणि हे त्यानंच गौरवग्रंथात लिहायचं." म्हणून हा लेख. हा गौरव आहे की कबुलीजबाब, ते माझं मलाच कळत नाही. वाचनालयातल्या पुढच्या व्याख्यानात सरांनी स्वतः उभं राहून चूक सांगितली. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा माझ्याकडं आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "दुसरी आहे का?" मी खोटारडा ठरलो की काय ठरलो, सांगा.

पण सरांना मात्र झोप लागेना. एक खोटी निघाली, मग बाकीच्यांचं काय? आता ते पंच्याहत्तराव्या वर्षी माझ्या गाडीवर मागं बसून एकेका सांगणाऱ्याकडं पुन्हा जातायत. परवा कळवणजवळ एका म्हाताऱ्या बाईंकडं गेलो होतो. सरांनी विचारलं, "मावशी, ही गोष्ट खरी का तुम्ही रचलेली?"

त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला सासूनं सांगितली. तिनं कुठून आणली ते तिलाच इचारा. पण ती तर कवाच गेली. तुम्ही एवढं शिकलेले, अन् आता इचारता व्हय?"

सरांनी डायरी उघडली. बाईंच्या नावापुढं लिहिलं, 'सासूबाईंकडून'. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "यांच्या सासूबाईंना कुणी सांगितली असेल?" मी म्हटलं, "मला नाही माहीत, सर." ते म्हणाले, "मला पण नाही." 'माहीत नाही' असं सरांना म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सरांनी मला अजून माफ केलेलं नाही. केलं असेल तर बोलले नाहीत. अजून कितीतरी गावं आणि कितीतरी सांगणारी माणसं बाकी आहेत. सरांचे गुडघे धड राहोत, कान असेच तिखट राहोत आणि त्यांना भरपूर, अगदी भरपूर वर्षं मिळोत. माफीची मला घाई नाही. त्यांनी सावकाश, शंभरी झाल्यावर करावी.