गुरुपादप्पाची भुकटी

गुरुपादप्पा कंपाउंडर कुणाला रामराम करत नसे. माणूस समोर आला की म्हणे, "जीभ काढ."

मी गिरणीत लागलो तेव्हा तो शेजारच्या खोलीत राहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या जिभेवर एक पान चोळलं आणि वर गूळ ठेवला. गूळ कसला, ओली माती! मी मारायलाच धावलो, तर हा आनंदानं उड्या मारतोय. "गुडमारीचा पाला हाय. गोडाची चवच मारतोय की!"

तेवढ्यावर थांबता तर बरं. पण म्हणायचा, "पान म्हंजे नुसतं घर रे. आत कोण ऱ्हातंय त्याला भाईर काढायचं." पाला उकळायचा, गाळायचा, त्यात तेजाबाचे थेंब सोडायचे, खाली बसलेला साका धुऊन वाळवायचा. सगळी चाळ नाक धरून फिरायची. शेवटी करड्या रंगाची भुकटी हाती आली. "ह्योच त्यो भाडेकरू!"

वय तिशीपार, आईबाप नाहीत, त्यात हा नाद. कोण मुलगी देणार? मीच खटपट करून मंद्रूपचं स्थळ आणलं. मुलगी पाहून झाली, पसंत पडली. आता तिचा बाप आमच्याकडे जेवणार, एकमेकांचं तोंड गोड करायचं, की सोयरीक पक्की. बायकोनं हुग्गी केली, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. मी आडावर पाणी आणायला गेलो, घोटाळा तिथंच झाला. परत येतो तर पाहुण्याची जीभ बाहेर आणि गुरुपादप्पाची चिमूट तिच्यावर!

पाहुण्यानं घास घेतला आणि थांबला. "गूळ घालायचा ऱ्हायला काय, बाई?"

बायकोनं गूळ घातला. पुन्हा तेच. मग तिनं ढेपेचा खडाच ताटात आपटला. "ह्यो तरी गोड हाय का, दादा?"

"माती हाय!" पाहुणा उठला. "तोंडच गोड हुईना, म्हंजे देवाच्या मनात न्हाय. चाललो मी."

"लागू पडलं!" गुरुपादप्पानं टाळी वाजवली.

मी दारात आडवा बसलो. माझ्या बायकोच्या हुग्गीला नावं ठेवून कुणी जात नसतं. भुकटीचं कळल्यावर पाहुणा ओरडला, "इख घातलंस व्हय रं मला?"

"इख कसलं, मामा? हे बघा." आणि उरलेली सगळी भुकटी त्यानं स्वतःच्या तोंडात टाकली.

बसलो मग सगळे. मधूनमधून बायको पाहुण्याला गूळ द्यायची, तो मान हलवायचा. उंबऱ्यावरचं ऊन सरकलं, तेव्हा कुठं त्याचा चेहरा फुलला. "आलं! गोड आलं!" दोन वाट्या हुग्गी चापली आणि मोठा खडा उचलून गुरुपादप्पाच्या तोंडात कोंबला. "आता तुमी सांगा. कसं लागतंय?"

चवीच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. दवाखान्यातल्या औषधालाही रोग्यासमोर घाण म्हणायचा. त्यानं सावकाश चावलं. डोळ्यांत पाणी आलं. गिळलं.

"लई गोड, मामा."

सोयरीक झाली, संसार झाला, गुरुपादप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. नातू मला शिकवतो, त्या भुकटीला म्हणे इंग्रजी नाव आहे, कुण्या साहेबानं ती आधीच काढली होती. काढली असेल. सासरा समोर बसलाय आणि तोंडात माती आहे, अशी वेळ त्या साहेबावर आली होती का, ते आधी विचारून ये म्हणावं.