भाईदास आणि रेतीचे टायर

शिंदखेड्यात ट्रॅक्टरच्या टायरचं काम कुणाकडे न्यावं असं विचारलं, तर लोक भाईदासच्या दुकानाकडे बोट दाखवतात आणि वर बजावतात, की तिथे आपलं डोकं चालवू नका. साठी ओलांडलेला, ठेंगणा, पण दंड अजून पहिलवानाचे. चाळीस वर्षं त्याने टायर खोलले नि चढवले. एखाद्या गिऱ्हाइकाने "हवा जरा कमीच ठेवा" म्हटलं, की हवेची नळी त्याच्याच हातात देऊन हा चहाला निघून जायचा. नवऱ्याने कधी चूक कबूल केल्याचं पुष्पाबाईंना आठवत नाही, आणि त्यांना बाकी सगळं आठवतं.

अशा माणसाकडे होळीनंतर भूपेंद्र आला. पांझरेकाठच्या गावचा, भाईदासच्या ओळखीतला. त्याने नाशिककडच्या कुठल्याशा रिसॉर्टने मोडीत काढलेली एटीव्ही आणली होती. चार फुगीर चाकं आणि मोटरसायकलचं हँडल, असला तो प्रकार. गावाने एका दिवसात तिचं नाव खेकडा ठेवलं होतं.

गाडी होती त्याच्या वडिलांसाठी. मोतीलालआबांनी पन्नास वर्षं नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी केली. पाणी ओसरलं की रेतीत चर खणायचे, खत भरायचं, बी टोकायचं. दर साली नदी सगळं पुसून टाकणार आणि दर साली हे पुन्हा मांडणार. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली आणि वाडी मुलं करू लागली. अंगणात ते काठीवर चालत, पण रेतीत काठी निम्मी आत जाई. मुलांनी खुर्चीवर बसवून उचलून नेऊ म्हटलं, तर आबा म्हणाले, "मी काय देव शे का, माले पालखीमा नेवाले? जासू ते मना मी जासू."

उजवा हात धड होता आणि या गाडीचा वेग उजव्या अंगठ्यावर चालतो, एवढं भूपेंद्रने हेरलं होतं. पण गाडीच्या गुठळ्यागुठळ्यांच्या बटण टायरांनी काठावरच रेती उकरून मान टाकली. वरच्या धरणाचं आवर्तन महिन्याभरात सुटणार होतं. मग वाडी पाण्याखाली जाणार, आणि पुढच्या हंगामाची खात्री आबांच्या वयाला कोण देणार?

भाईदासने काम घेतलं ते हौसेनं. तो स्वतः पात्रात गेला, हाताने रेती उकरून पाहिली. वर चार बोटं कोरडी, भुसभुशीत, खाली ओल. मग चार दिवस तो मोबाइलवर वाळवंटातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसला, आणि दुकानात आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना ताटकळत ठेवलं. वाळवंटातले लोक मागच्या चाकांना पॅडल टायर लावतात. टायर गुळगुळीत आणि त्यावर रबराचे आडवे, खोलगट पंख. चाक फिरलं की पंख फावड्यासारखे रेती मागे लोटतात. पुढच्या चाकांना पंख नकोत, मधोमध एक उंच धार पुरे, म्हणजे गाडी वळते.

"पंख किती घेऊ?" जयपूरच्या विक्रेत्याला फोन लावून भूपेंद्रने विचारलं. बारा पंखांचा टायर जोरात चालतो, असं तिकडून उत्तर आलं. भाईदासने फोन काढून घेतला. "बारा पंख ओढायला इंजिन कुठून आणू? दोन बैलांना चार बैलांचा नांगर जुंपतो का कोणी? आठ पंखांचे पाठवा." विक्रेता म्हणाला, की तुमचं बरोबर आहे. भाईदासला ते आवडलंच.

टायर यायला पंधरा दिवस गेले. भाईदासने ते चढवले, फिरायची दिशा दाखवणारा बाण तीनदा तपासला. डांबरावर पंख झिजतात म्हणून गाडी ट्रॉलीत घालून नदीवर नेली. आवर्तनाला आठ दिवस उरले होते.

सकाळी काठावर निम्मं गाव जमलं. आबा पांढरी टोपी घालून बसले, अंगठा दाबला. गाडी वीसेक हात गेली, मग मागून खाली बसत गेली. पंखांनी आपल्याच पायाखाली खड्डा केला आणि गाडीचं पोट रेतीला टेकलं. तिरप्या झालेल्या गाडीवरून आबांना उतरता येईना. शेवटी भटूने, आबांच्या पुतण्याने, त्यांना लहान पोराला घ्यावं तसं उचलून बाजूला रेतीवर बसवलं. सगळ्यांनी पाहिलं. आबा कुणाकडेच बघत नव्हते, आणि भाईदासला वाटलं की आता इथे उभं राहण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं.

"टायरच खोटे दिले त्या जयपूरवाल्यानं," भूपेंद्र म्हणाला. "परत पाठवू."

परत पाठवायचे म्हणजे हंगाम संपला. पण भाईदासचं नाव राहिलं असतं.

आबांनी मात्र बसल्या जागेवरून हात लांबवून चाकावर थाप मारली, पिकलं टरबूज पाहावं तशी. आतून खळखळ आवाज आला.

"यामा पाणी भरेल शे का?"

इकडे काळ्या रानात नांगरटीला ट्रॅक्टर नेण्याआधी मागच्या टायरांत पाऊण पाणी भरतात. वजन येतं, चाक घसरत नाही. भाईदासने हजारो टायर असे भरले होते. चार दिवस पंख मोजले, बाण तीनदा पाहिला, आणि शेवटी हाताने सवयीनं पाण्याची नळी लावली. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

"भरेल शे, आबा," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टायर चांगला शे. चूक मनी शे."

"काढी टाक," आबा म्हणाले. "रेतीवर जड माणूसबी हलका पाय टाकस."

भाईदास गुडघ्यावर बसला. वॉल्व्हच्या पिना काढल्या, पाणी रेतीत जिरू दिलं. मग टायरात थोडीच हवा भरली, अंगठ्याने दाबलं की आत जाईल इतकी. चौघांनी गाडी उचलून सपाट रेतीवर ठेवली आणि आबा पुन्हा बसले. या वेळी गाडी बसली नाही. पंखांनी मागे रेती उडवली, आणि पांढरी टोपी पात्रातून सरळ वाडीकडे गेली. भूपेंद्र चपला हातात घेऊन मागे धावला.

थोड्या वेळाने तो एकटाच परत आला.

"आबांनी परत पाठवलं," तो म्हणाला. "म्हने, तू घर जाय, मी येसू संध्याकाळले. कोन्ही येवानं नही."

दोन वर्षं आबांच्या जवळ कायम कुणी ना कुणी असे. उठवायला, बसवायला, संडासच्या दाराशी. लांब हिरव्या वेलांत ते आता काठी टेकून गाडीला धरून उभे होते, आणि त्यांच्या आसपास एकही माणूस नव्हता.

"भाऊ, आबा पडनात तर?" भूपेंद्रने विचारलं. त्याचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"पडनात तर बसतीन वाडीमा," भाईदास म्हणाला. "चाल, तू घर चाल."

भूपेंद्र निघाला, पण तीनदा थांबला. भाईदासने त्याला दंडाला धरून काठ चढवला आणि मागे वळून पाहू दिलं नाही.