टेपमधून निघालेला फोटो

बोटीच्या डिझेलचा वास आला की मला बोईसरच्या कारखान्यातली ती गारठलेली कॉम्प्युटरची खोली आठवते. नवरा वारला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता, म्हणून दिराला घेऊन मी नवरा कामाला होता त्या कारखान्यात गेले. जुन्या कामगारांच्या फाइली टेपवर ठेवल्यात, असं म्हणत तिथल्या साहेबांनी कपाटातून कॅसेटसारखी एक काळी डबी काढली आणि यंत्रात सरकवली. बराच वेळ घरघर झाली आणि पडद्यावर नवऱ्याच्या नावाखाली दिराचं तोंड आलं. मी हबकलेच. दीर खाली बघत म्हणाला, "वयनी, गेटपासचा फोटो काढला त्या दिवशी दादा बोटीवर मासे मारायला गेलेला. त्याच्या जागी मीच बसलो." "मग इथवर गप का आलास?" "वाटलं, दादानं मागनं फोटो बदलला असल." फोटोसाठी भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला मी आता सूप अडकवते.