उजव्या बोटाची शाई

माझ्या मुलीने सुट्टीत येऊन आमच्या तंजावरच्या घरी टीव्हीवर एक इंग्रजी विनोदी मालिका लावून दिली, तेव्हा मी वैतागलोच होतो. आता तिचे उपकार मानतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका लहानशा गावातल्या बायका मताचा हक्क मागायला निघतात, आणि मोर्चात पुढे कोणी चालायचं यावरूनच त्यांची आधी जुंपते, अशी ती गोष्ट. आईला इंग्रजी येत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी कॉफी झाली की मी दुभाषा. आमच्या मराठीत निम्मं तमिळ घालून मी सांगायचो आणि आई तोंडाला पदर लावून हसायची.

त्यात एक नवरा होता. तो बायकोला म्हणतो, तुला वेगळं मत हवंच कशाला, मी देतो ते दोघांचंच असतं की. मी हे अगदी रंगवून सांगितलं. आईला हसता हसता ठसका लागला. मग म्हणाली, मेल्याच्या कोटाचं बटण तुटलंय आणि चाललाय अक्कल शिकवायला. मीही हसलो. आपण स्वतःलाच हसतोय, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

त्याचं असं आहे. आईला मोतीबिंदू झाला तेव्हापासून मतदानाला तिचा सोबती म्हणून मी आत जातो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी सोबत्याने बटण दाबायचं आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लावून घ्यायची, अशी तिथली रीत. माझं मत डाव्या बोटावर, आईचं उजव्या. ती दोन्ही काळी बोटं मी पार तिरुवैयारुपर्यंत मिरवून यायचो. पुढे आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी सोबती मीच. आणि मागच्या खेपेला तर मी कहरच केला. यंत्रापाशी शेजारी उभ्या आईने कानात एक चिन्ह सांगितलं आणि मी दुसरंच दाबलं. हिला राजकारणातलं काय कळतंय, हा माझा तोरा! जन्मभर सरकारी कचेरीत सह्या ठोकलेला माणूस मी. घरी कोणाला बोललो नाही, पण ते मनात खुपत राहिलं.

यंदा मतदानाच्या सकाळी आम्ही शाळेत गेलो. माझं मत देऊन झालं आणि सवयीने मी सोबत्याने भरून द्यायचा कागद मागितला. आईने टेबलामागच्या बाईंना तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, "कागद नको. मला दिसतं." मग माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाली, "तू बाहेर थांब."

मला असा राग आला म्हणता! व्हरांड्यात येरझाऱ्या घालत मी पुटपुटत होतो, चुकीचं बटण दाबेल, गोंधळ घालेल. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती किती वेळ होती कोण जाणे. अखेर यंत्र लांबलचक वाजलं आणि आई चष्मा पुसत बाहेर आली.

रिक्षात मी विचारलं, कोणाला दिलंस. ते तिने सांगितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "मागच्या वेळीही दिसत होतं रे."

मग तेव्हाच का नाही बोललीस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"तुझ्या कचेरीतली माणसं बसली होती तिथे. त्यांच्यासमोर मुलाची लाज कशी काढू?"

एवढी वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं. माझ्या ताटात कधी एक दोसाही कमी पडला नव्हता. मी वाकून तिच्या पायांना हात लावला, रिक्षावाला आरशातून बघत होता तरी. आईने माझा उजवा हात हातात घेतला आणि ते कोरं बोट उलटसुलट करून नीट पाहिलं.

"असंच राहू दे," म्हणाली.