कानाला हात

पारनेर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या ओसरीवर, मी बालवाडी चालवत होते. नगरला आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं. त्यात गाणी शिकवली, कागदाच्या होड्या शिकवल्या. पाच वर्षं सरून गेलेली मुलगी एक शब्द बोलत नसेल तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, मला सगळं येतं.

अशी एक मुलगी त्या गावात होती. दुष्काळाचे दिवस, तिची आई खडी फोडायला जायची. जाताना लेकीला घरातल्या, छप्पर पेलणाऱ्या लाकडी मेढीला जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधून जायची. मी तिला चार शब्द सुनावले.

"मग काय करू, बाई? मोकळी सोडली की हिरीकडं जाती. तिला कळत न्हाई."

मी त्याच दिवशी पट्टी सोडली आणि पोरीला ओसरीवर आणलं.

तिला पहिलीत घालायचंच, असा मी हट्ट धरला. जन्मतारखा कुणालाच ठाऊक नसत, म्हणून गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून न्यायला लावत. बोटं डाव्या कानाला टेकली की सहा पूर्ण. हिचे हात आखूड. मी तिला मान कलती करायला शिकवली. "कान कुठाय?" म्हटलं की ती नाक धरायची, मग डोळा. महिनोन् महिने हेच चाललं. एकदा मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. ती चापट मला अजून सोडत नाही.

पुढे एकदाचा तिने कान धरला. मी गुळाचा खडा दिला. त्या दिवशी ती दुपारपर्यंत कान धरून बसली होती.

जूनमध्ये गुरुजींसमोर तिने पहिल्याच फटक्यात कान धरला. नाव लागलं. तिची आई माझ्या पाया पडली आणि मी पडू दिलं.

पंधरवड्यात गुरुजी ओसरीवर आले. "बाई, एका खोलीत माझे दोन वर्ग. ही पाटी चाटते, उठून बाहेर जाते. मी कुणाकुणाकडे बघू? आईला सांगितलंय, घरीच ठेवा."

"मग मी घेते परत," मी म्हणाले. पण बालवाडी तपासायला आलेल्या बाईंनी हजेरीतलं नाव खोडायला लावलं. शाळेत दाखल झालेलं मूल बालवाडीत चालत नाही. वय पूर्ण झाल्याचं तुम्हीच तर दाखवलंत, असं त्या म्हणाल्या. माझी नोकरी कच्ची होती. मी नाव खोडलं. नाव न लावताच तिला ओसरीवर बसू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे आज विचारते.

श्रावणात मी तिच्या घरी गेले. आई कामावर गेली होती. दार नुसतं लोटलेलं. आत मेढीला तीच पट्टी आणि पट्टीला ती. मला पाहून ती हसली. मान कलती केली, हात डोक्यावरून नेऊन कान धरला आणि दुसरा हात गुळासाठी पुढे केला.

मी गूळ नेला नव्हता. गाठ सोडायला खाली बसले, आणि मग लक्षात आलं की सोडून तिला न्यायला माझ्याकडे जागाच नाही. गाठ तशीच ठेवून मी दार लोटलं.